बेंगळूर रेसकोर्सचं पुढे काय? सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर या भागातून रेसकोर्सबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे काही घोडेवाले आहेत, काही नुसते पेपर वाचणारे, तर काहींची मुलं बेंगळूरला नोकरीला आहेत. आधी सोपे प्रश्न, मग किचकट. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे क्रमांक दिला आहे. 'उद्याच्या रेसला कुठला घोडा लावू?' याचं उत्तर मात्र इथे मिळणार नाही.

१. बंद पडणार म्हणतात तो रेसकोर्स कुठला? आपल्या बेळगावातला का?

नाही. बेळगावात गोल्फ मैदानाच्या परिसराला लोक रेसकोर्स म्हणतात, पण तिथे आज शर्यतीचे घोडे पळत नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे बिबट्या शिरला, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, शोधाला हत्ती आणावे लागले, तेव्हा ते नाव राज्यभर गाजलं. कोल्हापूरच्या रेसकोर्स नाक्याचंही तसंच, नाव उरलंय, घोडे गेले.

प्रश्न आहे तो बेंगळूर शहराच्या मधोमध असलेल्या बेंगळूर टर्फ क्लबचा. विधानसौधपासून तो हाकेच्या अंतरावर आहे. समोरच्या रेसकोर्स रोडला २०२३ मध्ये अभिनेते अंबरीश यांचं नाव दिलं गेलं. ते स्वतः रेसचे शौकीन होते, त्यामुळे निदान नाव बदलताना घोड्यांचा धागा तुटला नाही.

२. जागा क्लबचीच ना? मग सरकार हलवा कसं म्हणतं?

जागा क्लबची नाही. सुमारे ८५ एकरांची ही जमीन राज्य सरकारची, सार्वजनिक बांधकाम खात्याकडची. क्लब तिथे भाडेपट्ट्यावर आहे आणि हा भाडेपट्टा ३१ डिसेंबर २००९ ला संपला. क्लबचं वय शंभरी ओलांडून गेलं असलं तरी वय वाढलं म्हणून सातबारा बदलत नाही.

ही बाजू आपल्याकडे फार लोकांना माहीत नसते. 'सरकार क्लबची जमीन बळकावतंय' असं लिहून येतं, तेव्हा हे उत्तर त्यांना दाखवा. सरकारला जमीन हवी आहे हे खरं, पण ती सरकारचीच आहे.

३. २००९ ला मुदत संपली, मग इतकी वर्षं रेस चालल्या कशा?

न्यायालयामुळे. सरकारने जागा सोडायला सांगितली, क्लब कोर्टात गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि तिथून 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश आला. तेव्हापासून क्लब ना भाडेकरू, ना अतिक्रमण करणारा, अशा मधल्या अवस्थेत आहे. अशा अवस्थेत कुणी नवं स्टँड बांधत नाही, नव्या तबेल्यावर पैसा घालत नाही. उद्या उठावं लागेल या भीतीने खर्च थांबतो आणि खर्च थांबल्यामुळे जागा जुनाट दिसायला लागते. मग 'बघा, मोडकळीला आलंय' म्हणायला सगळे मोकळे.

४. हलवणार तरी कुठे?

आधी विमानतळाच्या वाटेवरच्या चिक्कजाळचं नाव होतं. बरीच वर्षं त्यावर कागद फिरले. अलीकडे चर्चेत आहे ते तुमकूर जिल्ह्यातलं कुणिगल, बेंगळूरपासून साधारण ७० किलोमीटर.

कुणिगलचं नाव आलं की घोड्यांच्या जाणकारांचा चेहरा थोडा खुलतो, कारण तिथला स्टड फार्म टिपू सुलतानाच्या काळाशी जोडला जातो. घोडपैदाशीची ती जुनी भूमी. १९९२ मध्ये तो विजय मल्ल्यांच्या कंपनीला ३० वर्षांच्या कराराने दिला होता, ती मुदतही २०२२ मध्ये संपली. म्हणजे जागा आहे, चारा आहे, घोड्यांची परंपरा आहे.

अडचण माणसांची आहे. रेसला जाणारा बहुतेक माणूस दुपारी ऑफिसातून किंवा दुकानातून सटकून दोन-तीन रेस बघणारा. तो ७० किलोमीटर जाईल का? माझ्या मते निम्मे जाणार नाहीत. आधी धावपट्टी, तबेले, घोड्यांचा दवाखाना आणि सईसांच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या, खोल्या उभ्या राहिल्या आणि मगच जुनी जागा रिकामी झाली, तर स्थलांतराला हरकत घेण्यासारखं काही नाही. आधी रिकामं करा आणि नंतर बांधू, असं ठरलं तर रेसकोर्स वाटेतच संपेल.

५. दुसरी जागा मिळाली की प्रश्न सुटला, नाही का?

नाही. जागेच्या वादात दुसरा प्रश्न झाकला जातो आणि तोच जास्त जिव्हारी लागणारा आहे. तो म्हणजे जीएसटी.

रेसकोर्सचं उत्पन्न तिकिटातून येत नाही, पैजेतून येतं. लोकांनी लावलेले पैसे एकत्र जमा होतात, याला 'टोट' म्हणतात. त्यातून क्लब आपलं कमिशन कापून घेतो आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. या कमिशनवर घोड्यांची बक्षिसं, मैदानाची निगा, पगार, सगळं चालतं. २०१७ मध्ये जीएसटी आला तो २८ टक्के, आणि तो क्लबच्या कमिशनवर न लावता लावलेल्या पूर्ण रकमेवर लावला गेला.

बेळगावच्या मार्केट यार्डातलं उदाहरण घ्या. अडत्याला बटाट्याच्या गाडीवर काही टक्के अडत मिळते. उद्या कुणी त्याला म्हणालं की कर अडतीवर नको, अख्ख्या गाडीच्या किमतीवर भर, आणि तोच बटाटा परत विकलास तर परत भर, तर तो संध्याकाळपर्यंत शटर ओढेल.

हिशोब असा: समजा पैज १०० रुपयांची आणि क्लबचं कमिशन १५ रुपये. कमिशनवर २८ टक्के म्हणजे ४ रुपये २० पैसे. पूर्ण रकमेवर २८ रुपये. क्लब हे प्रकरण कोर्टात घेऊन गेला आणि २ जून २०२१ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला, कर कमिशनपुरताच असं सांगितलं. आनंद फार टिकला नाही. कायद्यातच दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवरचा कर पक्का झाला. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून दर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. कॅसिनो, लॉटरी, सट्टा आणि घोड्यांची रेस, सगळे एका ओळीत.

याचा फायदा कुणाला? गल्लीतल्या बुकीला, म्हणजे परस्पर पैजा घेणाऱ्याला. तो कर भरत नाही, म्हणून त्याचा भाव नेहमी चांगला. क्लबच्या खिडकीवर पैसे लावणारा तिकडे वळतो. सरकारला कर मिळत नाही, क्लबला कमिशन मिळत नाही, घोड्याच्या बक्षिसाची रक्कम घटते, बक्षीस घटलं की मालक नवा घोडा घेत नाहीत, घोडे कमी झाले की एका रेसमध्ये चार-पाचच पळतात आणि अशी रेस बघायला कोण येणार?

म्हणून माझं मत विचाराल तर जमिनीचा वाद या रेसकोर्सला हलवेल, पण संपवेल तो कर. कुणिगलला सोन्याची धावपट्टी केली तरी ४० टक्के तिथेही लागणारच.

६. सर्वोच्च न्यायालयाने रेस हा कौशल्याचा खेळ ठरवलाय ना? मग जुगाराचा कर का?

ठरवलाय, बरोबर. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात. घोड्याचं कूळ, त्याची आधीची कामगिरी, जॉकी, वजन, अंतर, जमीन ओली की कोरडी, याचा अभ्यास करून पैज लावली जाते, म्हणून तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही, असं न्यायालय म्हणालं.

पण त्या निकालाने मिळालं ते गुन्ह्यापासून संरक्षण. कर किती आणि कशावर लावायचा हा वेगळा विषय आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने कराच्या कायद्यात कौशल्य की नशीब हा भेदच बिनकामाचा करून टाकला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

७. २०२४ च्या उन्हाळ्यात रेस का थांबल्या होत्या?

त्या वर्षी जानेवारीत बेंगळूरच्या गुन्हे शाखेने क्लबच्या आवारातल्या बुकींवर छापा घातला. तीन कोटींहून अधिक रोकड सापडली, करचुकवेगिरीचा आरोप झाला. कर्नाटकात रेस भरवायला १९५२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली दर वेळी सरकारचा परवाना लागतो. जूनमध्ये सरकारने तो नाकारला. १८ जूनला उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी रेसला परवानगी दिली, २२ जूनला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ती स्थगित केली. पुढे परवाना मिळून रेस सुरू झाल्या, पण हंगामाचं नुकसान झालं ते झालंच.

जमिनीचा वाद आणि कर यांच्या जोडीला ही तिसरी टांगती तलवार लक्षात ठेवा: परवाना. पट्टा असला, कर परवडला, तरी गृह आणि अर्थ खात्याची मर्जी लागतेच.

८. हा श्रीमंतांचा खेळ. बंद झाला तर आपल्याला काय?

घोड्याचा मालक श्रीमंत असतो, यात वाद नाही. पण घोडा मालकाच्या दारात नसतो. तो ट्रेनरकडे असतो, त्याच्यामागे सईस, नालबंद, सकाळी सराव देणारा रायडर, गवत आणि ओट पुरवणारा, पशुवैद्य असे लोक असतात. रेस थांबली तरी घोडा खायचा थांबत नाही. मालक दोन-तीन महिने पैसे पाठवतो, नंतर हात आखडता घेतो, आणि पहिली कात्री लागते ती सईसाच्या पगाराला. त्यातले बरेच जण कुटुंबासह तबेल्याच्याच आवारात राहतात, म्हणजे नोकरीबरोबर घरही जातं.

आपल्या भागाला थेट बसणारा फटका घोड्यांच्या बाजारातून येतो. तो क्रमांक ११ मध्ये पाहा.

९. बाकीच्या शहरांत काय झालं?

मुंबईत महालक्ष्मीच्या जागेचा ९९ वर्षांचा करार २०१३ मध्ये संपला. अकरा वर्षांनी, २०२४ मध्ये, तोडगा निघाला: २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेला बागेसाठी, ९१ एकर क्लबकडे, मुदत २०५३ पर्यंत.

चेन्नईत उलटं. गिंडीच्या रेसकोर्सला १९४५ पासूनचा ९९ वर्षांचा करार होता आणि वार्षिक भाडं होतं ६१४ रुपये १३ पैसे. हा आकडा पाहून सरकारचं डोकं तापलं तर नवल नाही. ७३० कोटींची थकबाकी काढली गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने जागा ताब्यात घेतली. त्याआधी जूनमध्ये उटीचा रेसकोर्सही घेतला होता.

म्हैसूरचा क्लब १८९१ चा, त्याचाही पट्टा २०१६ मध्ये संपला आहे. देशाबाहेर पाहायचं तर सिंगापूरने ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची रेस घेऊन १८० वर्षांहून जुनी परंपरा थांबवली, जमीन घरांसाठी हवी होती. मकाव त्याच वर्षी एप्रिलमध्ये थांबलं.

१०. मग मुंबईसारखी अर्धी बाग, अर्धा रेसकोर्स असं बेंगळुरात का करत नाहीत?

जागा पुरत नाही. महालक्ष्मीच्या २११ मधून १२० गेले तरी ९१ उरतात, म्हणजे बेंगळूरच्या आजच्या अख्ख्या मैदानाइतके. बेंगळूरच्या ८५ मधून निम्मे काढले तर उरलेल्या जागेत वळणं इतकी आवळावी लागतील की घोड्यांचे पाय मोडतील. धावपट्टीच्या आतल्या मोकळ्या जागेत लोकांना फिरायला देणं, रेस नसलेल्या दिवशी दारं उघडी ठेवणं, एवढं करता येईल. क्लबने हे वीस वर्षांपूर्वी आपणहून केलं असतं तर आज शहरातली माणसं त्याच्या बाजूने बोलली असती.

११. रेसमधून काढलेला घोडा स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

निपाणी-चिकोडी पट्ट्यातून सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. रेसकोर्स अडचणीत आला की घोडे स्वस्त होतात, आणि दलाल फोन करायला लागतात.

आधी घोडा समजून घ्या. हा थरोब्रेड, रेससाठीच पैदास केलेली जात. दोन वर्षांचा असतानाच पळायला लागतो आणि बरेचसे सात-आठ वर्षांचे व्हायच्या आत निवृत्त होतात. म्हणजे पुढे पंधरा-वीस वर्षं त्याला सांभाळायचं आहे. दिसायला देखणा, पण आपल्या कामांना तो बसत नाही. लग्नाच्या वरातीला घ्याल तर ढोल, फटाके, बेंजो आणि अंगावर येणारी गर्दी. हे जनावर शिकलंय काय? शेजारी कुणी आलं की सुसाट सुटायचं. वर नवरदेव बसलाय. गाडीला जुंपाल तर त्याची पाठ आणि खांदा ओढीसाठी घडलेले नाहीत, आणि डांबरी रस्त्यावर पाय लवकर जातात. रेसच्या घोड्याला ॲल्युमिनियमचे हलके नाल असतात. ते काढून लोखंडी नाल ठोकणारा, त्याचा खूर समजणारा नालबंद तुमच्या तालुक्यात आहे का, हे आधी पाहा.

वरातीला नाचरी घोडी हवी असेल तर मारवाडी किंवा काठियावाडी रक्ताची बघा, अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजाराला जा. आपल्या दख्खनच्या मातीतली भीमथडी जात आता अधिकृत देशी जात म्हणून नोंदली गेली आहे. उन्हाला टिकते, चाऱ्याला चोखंदळ नाही.

तरीही थरोब्रेड घ्यायचाच असेल, रपेटीसाठी किंवा मुलांना शिकवायला, तर हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका:

घोड्याचा पासपोर्ट आणि मायक्रोचिपचा क्रमांक जुळतो का? थरोब्रेडची नोंद पुण्याच्या स्टड बुककडे असते. कागद नसलेला घोडा 'रेसचा आहे' म्हणून विकला जात असेल तर शब्दावर विश्वास ठेवू नका. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली आहे का? हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, आणि तपासणीत घोडा बाधित निघाला तर त्याला नियमाप्रमाणे मारावं लागतं, उपचार नाही. पुढच्या पायांचे कंडरे दाबून बघा, गरम किंवा जाड लागले तर निवृत्तीचं कारण तिथेच आहे. आणि पहिले काही महिने त्याला रेसच्या खुराकावरून हळूहळू उतरवावं लागतं. एकदम कडबा आणि भुसा टाकलात तर पोटदुखीने दोन दिवसांत जाईल.

१२. आमच्या जत्रेतल्या घोडागाडी शर्यतीवर याचा परिणाम होईल का?

रेसकोर्स बंद पडल्याने नाही. पण तुमच्या शर्यतीची स्वतःची अडचण आहे, आणि ती बहुतेक यात्रा कमिट्यांना माहीत नसते.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. त्यावर कर्नाटकाने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि कंबळ (रेड्यांची शर्यत) व बैलगाडी शर्यतीला वाट काढून दिली. महाराष्ट्रानेही आपली दुरुस्ती केली. १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक, तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. तेव्हा आपल्याकडे गुलाल उधळला गेला, तो योग्यच होता.

पण दुरुस्तीत शब्द आहेत ते बैलांचे आणि रेड्यांचे. घोडा त्यात नाही. म्हणजे बैलगाडीची परवानगी काढून त्याच मैदानात दुपारी घोडागाड्या सोडल्या, किंवा घोडा-बैल एका जुवाला जुंपले, तर त्या परवानगीचं छत्र घोड्यावर येत नाही. काठीने मारणं, टोचणं, करंट देणं हे तर कुठल्याही जनावराला गुन्हाच. तहसीलदार कचेरीत अर्ज देताना कोणत्या जनावराची शर्यत आहे ते स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. 'साहेबांनी तोंडी हो म्हटलंय' हे गुन्हा दाखल झाल्यावर कामाला येत नाही.

शर्यतीवर पैसे लावणं हा आणखी वेगळा मामला, तो क्रमांक १६ मध्ये.

१३. गाडी निपाणीची, मैदान कागल तालुक्यात. कायदा कुठला?

मैदान जिथे, तिथला. गाडी आणि मालक कर्नाटकातले असले तरी शर्यत महाराष्ट्राच्या हद्दीत असेल तर महाराष्ट्राचे नियम आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज, अनामत रक्कम, धावण्याच्या अंतराची मर्यादा हे सगळं आहे. तिकडची परवानगी इकडे चालत नाही, इकडची तिकडे नाही. काही गावांची शेतं हद्दीला लागून आहेत, तिथे पट्टी एका राज्यात आणि गर्दी दुसऱ्यात असं होतं. अशा वेळी मैदानच बदला, दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांत खेटे घालण्यापेक्षा ते बरं.

१४. अंकलीच्या माउलींच्या अश्वांना काही अडचण येईल का?

अजिबात नाही. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी आळंदीला पायी जातात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात रिंगण धावतात. त्यात पैज नाही, परवान्याचा रेसकोर्स नाही, जीएसटी तर नाहीच. हा प्रश्न काळजीपोटी येतो हे समजतं, पण दोन्हींचा संबंध घोडा या प्राण्यापुरताच.

१५. बेंगळूरला नको असेल तर बेळगावला आणा! जागा आहे, हवा थंड आहे.

हवा खरंच छान आहे. पण रेसकोर्स म्हणजे फक्त मैदान नव्हे. आठवड्याला दोन दिवस रेस भरवायच्या तर शेकडो घोडे कायम जवळ हवेत, त्यांचे ट्रेनर हवेत, आणि पैसे लावणारी मोठी शहरी गर्दी हवी. बेळगावहून पुण्याचा रेसकोर्स बेंगळूरपेक्षा जवळ आहे, हे नकाशावर बघा. ज्याला खरीच आवड आहे तो पावसाळ्यात पुण्याला जाऊन येतो. बेंगळूरला कर परवडत नाही (क्रमांक ५), तिथे बेळगावला कसा परवडेल?

रपेट शिकवणारी चांगली शाळा मात्र इथे व्हायला हवी. त्याला ना पैज लागते ना परवाना कायदा.

१६. बुकीकडे किंवा मोबाइलवर लावले तर काय होतं?

परवाना असलेल्या रेसकोर्सच्या ठरलेल्या आवारात किंवा त्याच्या मान्य केंद्रात लावलेली पैज कायदेशीर. कर्नाटक पोलीस कायद्यातली सवलत तेवढ्यापुरतीच आहे. बाहेरच्या बुकीकडे लावलेली बेकायदा, रेस तीच असली तरी. जत्रेतल्या बैलगाडीवर लावलेली पैजही बेकायदा. जिंकणाऱ्या गाडीला ढाल, रोख बक्षीस, दुचाकी देणं वेगळं, त्याला कुणाची हरकत नाही.

मोबाइलचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा संमत झाला. 'बेंगळूरच्या रेसचं ॲप' म्हणून कुणी लिंक पाठवत असेल तर ती उघडूही नका. जिंकलात तरी पैसे कुणाकडे मागणार?

१७. जिंकलेल्या रकमेवर आयकर किती? हरलेले पैसे त्यातून वजा होतात का?

पैजेतून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के सरळ, अधिक लागू असेल तो अधिभार आणि उपकर. तुमचं बाकीचं उत्पन्न करमर्यादेच्या खाली असलं तरी. जिंकलेली रक्कम १० हजारांच्या वर गेली की क्लबच कर कापून देतो. हरलेले वजा होत नाहीत, प्रवासखर्चही नाही.

अपवाद घोड्याच्या मालकाचा. स्वतःचा घोडा पळवून मिळालेलं बक्षीस ही पैज नव्हे. घोडे बाळगण्याच्या व्यवसायात तोटा आला तर तो पुढची चार वर्षं नेता येतो, पण त्याच व्यवसायाच्या नफ्यातून वजा करायला. ऊसाच्या पैशातून नाही. दोन-तीन मित्रांनी मिळून घोडा घेतला असेल तर वाटा कागदावर लिहून सनदी लेखापालाला दाखवा.

१८. मुलाला जॉकी व्हायचंय. आत्ताच्या परिस्थितीत पाठवावं का?

अंगकाठी किरकोळ आणि वजन पन्नास किलोच्या आत कायम राहील अशी असेल, तरच पुढचं बोलू. क्लबांकडे शिकाऊ जॉकींना तयार करण्याची सोय असते. पण मेहनत पहाटे चारपासून, पडणं ठरलेलं, आणि वर सांगितलेली सगळी अनिश्चितता. दहावी तरी पूर्ण करू द्या. घोड्यावरच जीव असेल तर पशुवैद्यकीय पदविका किंवा नालबंदीचं काम शिकणं जास्त भरवशाचं. चांगला नालबंद रेसकोर्स नसला तरी उपाशी राहत नाही.

१९. माहिती अधिकारात विचारायचंय. अर्ज मराठीतून चालेल का? आणि क्लबला पाठवायचा का?

कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं म्हटलंय. कर्नाटकात राजभाषा कन्नड. तुमचा मराठीतला अर्ज परत आला तर महिना वाया जाईल. भाषेचा लढा लढायचा तिथे लढूच, पण माहिती हवी असेल तर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

क्लबला पाठवू नका. तो माहिती अधिकाराखाली येतो की नाही यावरच वाद घालत बसाल. जमिनीचे कागद सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहेत, परवान्याचे सरकारकडे. त्यांनाच मागा: पट्टा संपल्यापासून भाडं किती आकारलं, किती वसूल झालं, नव्या जागेबाबत शेवटचा आदेश कोणत्या तारखेचा.

२०. बेळगावच्या हिवाळी अधिवेशनात आमच्या आमदारांनी हा विषय काढावा असं वाटतं. कसं करायचं?

सुवर्णसौधचं अधिवेशन बहुतेक डिसेंबरात असतं. तारखा जाहीर झाल्या की लगेच आमदारांच्या कचेरीत जा, कारण प्रश्न आधी नोंदवावे लागतात. निवेदनात 'रेसकोर्स वाचवा' असं मोघम लिहू नका, त्याला उत्तरही मोघमच मिळतं. क्रमांक १९ मधले प्रश्न द्या, आणि एक जास्तीचा: रेसकोर्स हलला किंवा थांबला तर तबेल्याच्या आवारात राहणाऱ्या सईसांच्या घरांचं आणि बिनमालकाच्या घोड्यांचं काय करणार? लेखी उत्तर हवं असेल तर अतारांकित, सभागृहात मंत्र्यांना उभं करून उपप्रश्न विचारायचे असतील तर तारांकित. कराच्या दराबद्दल मात्र इथल्या आमदारांना विचारून उपयोग थोडाच आहे. तो दर जीएसटी परिषदेत ठरतो, तिथे राज्याचा मंत्री बसतो खरा, पण खासदारांनाही एक प्रत द्या.